युवा सप्ताह २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जोडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१२ जानेवारी जवळ आला की ग्रामपंचायती, महाविद्यालये आणि मंडळांकडे ‘युवा सप्ताह साजरा करून फोटोसह अहवाल पाठवावा’ अशी पत्रे येतात आणि पुढचे सगळे ठरल्यासारखे होते. शाळेच्या पटांगणात मांडव, मागे फ्लेक्स, त्यावर विवेकानंदांपेक्षा मोठे फोटो पाहुण्यांचे. वेळ दहाची, पाहुणे येतात पावणेबाराला, तोवर नववी-दहावीची मुले रांगेत बसलेली. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, ‘आजचा युवक’ या विषयावर दोन भाषणे, आभार. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणाप्रमाणे युवा म्हणजे १५ ते २९ वर्षांचा माणूस. त्यातला विशी ओलांडलेला गट या मांडवात शोधूनही सापडत नाही. तो एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतो, भरतीसाठी मैदानावर घाम गाळत असतो, अभ्यासिकेत असतो, नाहीतर पारावर बसून लांबून मजा बघत असतो.

मेळावे बंद करा असे आमचे म्हणणे नाही. त्याच आठवड्यात आणि त्याहून कमी खर्चात गावातल्या ३० तरुण-तरुणींची दोन दिवसांची कार्यशाळा घेता येते, आणि त्यातून निघालेल्या मागण्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर नेता येतात. या दोन तारखा इतक्या जवळ असूनही त्या जोडण्याचे फारसे कोणी मनावर घेत नाही. जोडायच्या कशा, ते तपशिलाने लिहितो.

आधी तारखांचे गणित. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघावी लागते, म्हणजे २६ तारखेच्या सभेची विषयपत्रिका १८ तारखेच्या आसपास तयार होते. आपला अर्ज १५-१६ तारखेपर्यंत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (गाव अजून त्यांना ग्रामसेवकच म्हणते) पोचला आणि त्याची पोच हातात आली, तरच विषय पत्रिकेवर येतो. नाहीतर तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ या सदरात ढकलला जातो, आणि तिथवर सभा पोचेपर्यंत लोक उठलेले असतात. म्हणून ८ ते १४ जानेवारीच्या दरम्यान येणारा रविवार आणि त्याच्या आदला शनिवार हे कार्यशाळेचे दिवस धरावेत. तो रविवार नेमका संक्रांतीला आला तर एक आठवडा अलीकडे घ्यावा. बुलढाणा-जालन्याकडच्या गावांनी आणखी एक पाहावे. १२ जानेवारी ही जिजाऊ जयंती, त्या दिवशी गावचे निम्मे तरुण सिंदखेडराजाला जातात. ‘युवा दिनीच युवक आले नाहीत’ म्हणून कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही.

मुळात जानेवारी सगळ्या महाराष्ट्राला सोयीचा नाही. बीड, पाथर्डीकडचे ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जानेवारीत तिथे गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. या गावांनी १५ ऑगस्टची ग्रामसभा धरून जुलैअखेर कार्यशाळा घ्यावी. कोकणात नेमके जुलैत जमत नाही, कारण लावणी चालू असते. तिथले चाकरमानी तरुण मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला गावी येतात, त्यातला मे सर्वांत मोकळा. गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मेमध्ये तेंदूपत्ता, म्हणजे भल्या पहाटेपासून घरे रिकामी. शहरातही तेच. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, तिथल्या वस्तीत रविवारी कार्यक्रम ठेवला की कामावर जाणारा तरुण हमखास चुकतो. फेब्रुवारी-मार्च कुठेच नको, दहावी-बारावीच्या परीक्षा असतात.

संख्या ३० च का? सहा-सहा जणांचे पाच गट पडतात, आणि सहा जणांच्या गटात गप्प बसलेला माणूस लपत नाही. पन्नास झाले की दहा जण बोलतात, बाकीचे मोबाइल काढतात. तीस यायला हवे असतील तर पंचेचाळीस नावे घ्यावीत. ऐनवेळी कोणाची पाळी बदलते, कोणाच्या शेतात रात्रीची वीज असल्याने तो जागलेला असतो, कोणाच्या घरी पाहुणे येतात.

नावे गोळा करताना सर्वांत मोठी फसगत व्हॉट्सॲपवर होते. ग्रुपवर रंगीत पत्रक टाकले, पन्नास अंगठे आले, की आयोजक निर्धास्त होतो. अंगठा म्हणजे ‘पाहिले’, ‘येतो’ नव्हे. यायचे तर कोणीतरी दारात येऊन विचारलेले असावे लागते. चार जणांनी दोन-दोनच्या जोडीने तीन संध्याकाळी फिरले तर साठ-सत्तर घरे होतात. मुलीचे नाव हवे असेल तर जोडीत एक बाई हवी. मुलीशी बोलून भागत नाही, आईशी बोलावे लागते आणि तीन गोष्टी नेमक्या सांगाव्या लागतात: किती वाजता सुटणार, घरी कोण सोडणार, आणि तिथे बाई कोण असणार. ‘संध्याकाळपर्यंत’ हे उत्तर चालत नाही, ‘साडेचारला’ हे चालते. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास दिवस मावळतो, वाडीवस्तीवरच्या मुलीला त्याआधी घरात पाय टाकायचा असतो. अठराच्या आतल्या प्रत्येकासाठी पालकाची सही असलेले संमतिपत्र घ्यावे, त्यात फोटो काढण्याचा आणि तो सोशल मीडियावर टाकण्याचा वेगळा रकाना ठेवावा. कित्येक घरे येण्याला हो म्हणतात, फोटोला नाही.

गाव मोठे असेल तर प्रत्येक वस्तीतून किती नावे हे आधीच ठरवून घ्यावे. नाहीतर तीसही जण वेशीच्या आतल्या दोन आळ्यांतलेच निघतात. समाजमंदिराची वस्ती, गावठाणाबाहेरचे तांडे, मळ्यातली घरे, यांची नावे आधी लिहावीत आणि मग उरलेल्या जागा भराव्यात. जागाही अशी घ्यावी जिथे यायला कोणाचा पाय अडखळणार नाही. देवळाच्या सभामंडपापेक्षा जिल्हा परिषद शाळेची खोली बरी. मुख्याध्यापकांचे पत्र आठ दिवस आधी घ्या, आणि खोलीपेक्षा स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे आहे ते आधी विचारा. शनिवारी शाळा सुटली की ती किल्ली शिपायाच्या खिशातून दुसऱ्या गावी गेलेली असते. मुली दुसऱ्या दिवशी का आल्या नाहीत याचे उत्तर बऱ्याचदा तेवढेच असते.

सामान फार लागत नाही. बसायला सतरंज्या. मांडववाल्याच्या खुर्च्या आल्या की आपोआप रांगा होतात आणि रांगा झाल्या की समोर वक्ता उभा राहतो. वीस मोठे कागद, दहा जाड टोकाचे मार्कर (स्केचपेनने लिहिलेले तिसऱ्या रांगेतून दिसत नाही), तीन रंगांच्या चिठ्ठ्या, कागदी चिकटपट्टी, पाच किलो रांगोळी, थोडा गुलाल आणि हळद. माईक नको, तीस माणसांना आवाज पुरतो आणि माईक ज्याच्या हाती त्याचीच सभा होते. प्रोजेक्टरच्या नादी लागू नये. खोलीत उजेड असतो, पडद्यावर काही दिसत नाही, आणि दिसू लागले की वीज जाते. न्याहारीला ३५ जणांचे पोहे करायचे तर ३ किलो पोहे, दीड किलो कांदे आणि अर्धा किलो शेंगदाणे लागतात. दुपारी खिचडी, त्यासाठी साडेतीन किलो तांदूळ आणि एक किलो डाळ. पाण्याचे २० लिटरचे दोन जार. बचत गटाला हे काम दिले तर पैसे गावात राहतात आणि त्या बायकांना आत काय चालले आहे तेही समजते. खर्चाची ओरड होते म्हणून सांगतो: शाल, श्रीफळ, बुके मिळून माणशी ३०० रुपये धरले तर आठ पाहुण्यांच्या स्वागताचे २,४०० होतात. वर सांगितलेले कागद-मार्कर-रांगोळी हे सगळे त्याच्या निम्म्यात येते.

पहिल्या दिवशी साडेनऊची वेळ सांगावी आणि दहाला सुरू करावे. दहाला म्हणजे दहाला, बारा जण असले तरी. एकदा थांबलात की वेळेवर आलेल्यांना शिक्षा होते आणि दुसऱ्या दिवशी तेही उशिरा येतात. उद्घाटन ठेवूच नये. ओळखीचा एक खेळ, मग लगेच जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा.

हा नकाशा म्हणजे कार्यशाळेचा कणा, त्याबद्दल थोडे सविस्तर. पटांगणात साधारण पंधरा फूट चौरस जागा झाडून घ्यावी. आधी रस्ते आणि ओढा, मग देऊळ, शाळा, एसटीचा थांबा, पाण्याची टाकी. मुलांचा नकाशा वेगळा आणि मुलींचा वेगळा काढावा, दोन्ही शेजारीशेजारी. त्यानंतर गुलालाने ‘जिथे जायला नको वाटते’ ती जागा आणि हळदीने ‘जिथे बसायला आवडते’ ती जागा दाखवायला सांगावी. मुलांच्या नकाशात हळद पार, मैदान, थांबा, पानटपरी अशी सगळीकडे सांडलेली असते. मुलींच्या नकाशात ती घर, शाळा आणि एखाद्या मैत्रिणीचे अंगण एवढ्यावर संपते. आणि थांब्यापासून वस्तीपर्यंतचा जो पट्टा मुलांनी मोकळा सोडलेला असतो, त्यावर मुली गुलालाची रेघ ओढतात. मग कोणी काही भाषण करायची गरज राहत नाही. मुले दोन्ही नकाशांभोवती फिरतात, ‘इथं काय आहे?’ म्हणून विचारतात, उत्तर मिळते: दोन खांबांवरचे दिवे बंद आहेत, आणि तिथे कोण बसलेले असते तेही कळते. कधी कधी विचारणाराच तिथे बसणाऱ्यांपैकी असतो. अशा वेळी कार्यशाळा चालवणाऱ्याने मध्ये पडू नये. नकाशा पुसण्याआधी मोठ्या कागदावर उतरवून घ्यावा आणि त्याखाली तारीख लिहावी. तीनच्या वाऱ्याने रांगोळी उडते, म्हणून हे काम सकाळच्या सत्रात.

दुपारी त्याच गटांनी त्या जागांवर प्रत्यक्ष जायचे. किती खांब, किती दिवे, थांब्यापासून किती पावले, सातनंतर बस आहे का, वाचनालयाची वेळ काय आणि ते उघडे असते का, हे मोजून आणायचे. ‘गावात वाचनालय नाही’ आणि ‘वाचनालय आहे, सकाळी दहा ते एक उघडे असते, त्या वेळी आम्ही कॉलेजात असतो’ या दोन वाक्यांत ग्रामसभेच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पहिल्यावर चर्चा होते, दुसऱ्यावर ठराव.

दुसऱ्या दिवसाची सकाळ फक्त एका कामासाठी: आलेल्या तक्रारींचे तीन ढीग करणे. आपण स्वतः करू शकतो ते, ग्रामपंचायत करू शकते ते, आणि तिसऱ्याच कोणाकडे जायला हवे ते. इथे तरुणांची दिशाभूल सर्वांत जास्त होते. एसटीची फेरी वाढवणे सरपंचाच्या हातात नाही, त्यासाठी आगार व्यवस्थापकाला पत्र लागते, आणि त्यात ‘विद्यार्थ्यांची गैरसोय होते’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या वेळी, कोणत्या मार्गावर, किती पासधारक, हे लिहावे लागते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण शेवटची गाडी कॉलेज सुटण्याआधीच निघत असेल तर त्या पासाचा उपयोग काय? हा प्रश्न आकड्यांसह गेला तर त्याला उत्तर द्यावे लागते. उलट दिवाबत्ती, समाजमंदिराची किल्ली, व्यायामशाळेत मुलींसाठी राखीव वेळ, हे सर्व ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतले. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, ही गोष्ट तीसपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या ढिगातले दोन किंवा तीनच विषय निवडावेत. अकरा मागण्यांचा अर्ज म्हणजे एकही मागणी नाही.

शेवटच्या पाऊण तासाला सरपंच, उपसरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना बोलवावे, तेही सतरंजीवर. आमंत्रण देतानाच सांगावे की भाषण नाही, ऐकायचे आहे, आणि प्रत्येक विषयावर तीनपैकी एक उत्तर द्यायचे आहे: होईल, होणार नाही, किंवा अमुक तारखेपर्यंत माहिती घेऊन सांगतो. बहुतेक सरपंच याला राजी होतात. आश्वासनाची सक्ती नसली की माणूस मोकळेपणाने ‘निधी नाही’ असे सांगतो, आणि तरुणांनाही ते खोट्या ‘नक्की करू’पेक्षा पचते. निवडणूक तोंडावर असेल तर मात्र सावध राहावे. एका गटाचे लोक आले की दुसऱ्या गटाची पोरे दुसऱ्या दिवशी येत नाहीत. मग दोन्हीकडच्यांना बोलवा, नाहीतर कोणालाच नको.

आता ग्रामसभा. तिची गणपूर्ती, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती. कित्येक गावांत ती होत नाही आणि सभा तहकूब होते. कार्यशाळेतल्या तीस जणांनी प्रत्येकी दोन मतदार घरातून आणले तरी नव्वदाचा आकडा होतो. पण एक अडचण लक्षात ठेवावी: ग्रामसभेचा सदस्य म्हणजे मतदार यादीत नाव असलेला. सोळा-सतराची मुले बसतील, बोलू दिले तर बोलतील, ठरावावर हात वर करू शकणार नाहीत. म्हणून ठराव मांडणारे आणि अनुमोदन देणारे अठराच्या वरचे निवडावेत. त्याच दोन दिवसांत नमुना ६ (मतदार यादीत नाव घालण्याचा अर्ज) भरून घेण्याचे अर्ध्या तासाचे सत्र घालावे. आता १ जानेवारीबरोबरच १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही पात्रतेसाठी धरतात, आणि सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो. बीएलओला (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला) त्या वेळी बोलवावे. जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो आणायला आदल्या दिवशीच सांगावे, नाहीतर कोरे अर्ज तसेच राहतात.

नियमित ग्रामसभेआधी महिला सभा व्हायला हवी असते. कागदावर ती होतेच. ती प्रत्यक्षात व्हावी असे वाटत असेल तर संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू हाताशी आहे. कार्यशाळेतल्या दोन मुलींनी दोन-तीन घरच्या हळदीकुंकवात वाण लुटून झाल्यावर पाच मिनिटे तो नकाशा उघडून दाखवावा. त्या कागदावरच्या गुलालाच्या रेघेवर आयांना समजावून सांगावे लागत नाही, त्याच पुढे सांगू लागतात.

ही कामे करणार कोण, असा प्रश्न हमखास येतो. बाहेरून संस्था आणायची गरज प्रत्येक वेळी नसते. जे मंडळ दहा दिवसांचा गणपती बसवते, वर्गणी गोळा करते, मांडव आणि विसर्जनाची कामे वाटून घेते आणि शेवटी जमाखर्चाचा अहवाल छापते, त्याला तीस माणसांची कार्यशाळा जड नाही. फक्त तिथे मुलींना जबाबदारी देण्याची सवय नसते, ती पहिल्याच बैठकीत लावावी. खजिनदार मुलगी असावी असा आमचा आग्रह आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर याच दिवसांत गावात असेल तर आणखी उत्तम. मात्र तिथे नेहमी एक चूक होते: कॉलेजचे पन्नास स्वयंसेवक गटार उपसतात आणि गावचे तरुण कट्ट्यावरून बघतात. शिबिराच्या प्रत्येक गटात गावचे दोघे-तिघे नसतील तर शिबिर उठल्यावर आठव्या दिवशी ते गटार पुन्हा तुंबलेले असते.

प्रमाणपत्रांचा सोस आवरावा. द्यायचीच असतील तर नाव ज्याचे त्याच्याकडून लिहून घ्यावे. चुकलेल्या आडनावाचे प्रमाणपत्र घरी नेण्यापेक्षा तिथेच टाकून जाणारे कमी नसतात. वक्तृत्व आणि रांगोळीच्या स्पर्धा शेवटी जोडू नयेत, दरवर्षीची तीच पाच मुले बक्षिसे घेतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. योजनांच्या अहवालाला हवे असतात ते फोटो कामात असतानाच काढून घ्यावेत, पोज देण्यासाठी सत्र थांबवू नये.

कार्यशाळा संपल्यावर दहा दिवसांच्या आत एक तासाची बैठक आणि सहा आठवड्यांनी दुसरी, या दोन्ही तारखा शेवटच्या सत्रातच लिहून घ्याव्यात. पहिल्या बैठकीला पंधरा जण आले तरी चालेल. तिथे एवढेच पाहायचे: अर्जाची पोच कोणाकडे आहे, ठराव कोण वाचणार, आणि ‘आपण स्वतः करू शकतो’ या ढिगातले एक काम झाले का. ते काम लहानच निवडावे, थांब्याची साफसफाई किंवा अभ्यासिकेची पाळीने किल्ली सांभाळणे. मोठे काम घेतले की पहिल्या आठवड्यातच माणसे गळतात.

२६ तारखेला ठराव झाला तर त्याची नक्कल अर्ज देऊन मागून घ्यावी, इतिवृत्तात शब्द बदललेले असण्याची शक्यता गृहीत धरावी. ‘दिवे दुरुस्त करावेत’ची ‘दिवे दुरुस्तीबाबत विचार करावा’ झालेली नक्कल हाती आली तर पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करतानाच हरकत घ्यावी लागते, नंतर नाही. ती पुढची सभा १ मे रोजी. त्या दिवशी लग्नतिथी दाट असतात आणि ऊन मरणाचे असते, म्हणून सभेची वेळ सकाळी आठची ठेवावी असे पत्र एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच देऊन ठेवावे.

आपले,
ग्रामीण भागात युवा कार्यशाळा घेणारे काही कार्यकर्ते